धुराड्याचं झाकण

धाकट्या सुनेची पेटी दाराशी येऊन बसली तेव्हा घरात दोन तट पडलेलेच होते. पेटीमुळे तिसरा पडला.

पेटी निळी, झाकणावर दोन पोपट, कडी-कोयंडा पितळेचा. धाकटीच्या लग्नात ती सासऱ्यानेच करून दिली होती, आणि सासरा म्हणजे गल्लीतले पेटीवाले. त्यांच्या पेट्यांची ख्याती अशी, की मुंगीला आत जायचं असेल तर तिने आधी किल्ली मागावी. आता हीच पेटी कपडे पोटात घालून उंबऱ्याकडे तोंड करून बसली होती. पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात, पत्रा कातरता कातरता पेटीवाले तिच्याकडे असे बघत होते, जणू त्यांच्याच हातच्या मालाने त्यांना दगा दिला.

"संध्याकाळी तिचा भाऊ टेम्पो घेऊन येतोय," धाकटा मुलगा म्हणाला. "ताईनेच बोलावलंय त्याला. मी काय करू?"

"तू कधी काय केलंयस?" आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे पेटीवाल्यांची थोरली बहीण. पेटीवाल्यांनी साठी ओलांडली तरी ती त्यांना बाळ्याच म्हणायची. थोरल्या पुतण्याने वर वेगळी खोली काढून जिना बांधला, त्यावरून वाजलं तेव्हा 'या घरात पाऊल टाकणार नाही' असं सांगून ती गेली होती. आज सकाळी तिने पाऊल टाकलं, घरातली एकुलती हातांची खुर्ची धरली आणि विचारलं, "काय काय ठरलंय माझ्याशिवाय?"

काहीच ठरलं नव्हतं. आतून धाकटीच्या खोकल्याचा आवाज आला. पेटीवाल्यांची कातर थांबली. हा खोकला त्यांच्या ओळखीचा होता. आधी दोन कोरडे ठसके, मग जरा थांबून एक लांबलचक, जिना चढल्यासारखा. त्यांची बायको अशीच खोकायची. ती जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तो खोकला मात्र घरातच राहिला होता. नुसतं माणूस बदललं होतं.

पाणी प्यायचं निमित्त करून ते आत गेले. स्वयंपाकघर म्हणजे मागची अंधारी खोली. एक खिडकी, तीही समोरच्या शिंप्याच्या खिडकीला नाक लावून बसलेली. भिंती काळ्या, छत काळं, डबे काळे. चुलीवर भात रटरटत होता. बाजारातल्या फुटक्या खोक्यांच्या फळ्या जळत होत्या. त्यांना रंग असायचा, त्यामुळे धूर निळसर यायचा. भाताच्या पातेल्यावरचं झाकण तिरकं होतं, खाली पळी आडवी घातलेली. पेटीवाल्यांनी जाता जाता पळी काढली आणि झाकण नीट दाबून बसवलं. यात त्यांचा विचार काही नव्हता. आयुष्यभर झाकणं बसवली, हात आपोआप जायचा.

ते पाणी पीत असतानाच भात उतू गेला. चूल फुसफुसली, धुराचा लोळ उठला आणि धाकटी खोकत खोकत खाली बसली.

"बाबा," श्वास परत आल्यावर ती म्हणाली, "सासूबाई पळी ठेवायच्या, म्हणून मीही ठेवते. आणि तुम्ही रोज काढता."

"झाकण घट्ट असावं," पेटीवाले पुटपुटले.

"हो, पण भाताला कुठे चोर लागलेत?"

बायकोही असंच बोलायची. तिचं म्हणणं, 'अहो, सगळ्यालाच घट्ट झाकण लावायचं नसतं.' पेटीवाले बाहेर आले.

तेवढ्यात ताई आली. ताई म्हणजे मधली मुलगी. दवाखान्यात नर्स होती. घरोघर हिंडून लोकांचे खोकले ऐकणं हेच तिचं काम, म्हणून थोरला तिला नर्सबाई म्हणायचा, तेही शिवी दिल्यासारखं. तिने पिशवीतून एक प्लास्टिकची नळी काढली. नळीवर आकडे, आकड्यांवर एक लाल काटा.

"सगळ्यांनी यात फुंकायचं. जितका जोर छातीत, तितका काटा पुढे."

"घरात एक फुंकणी आहे की," आत्या म्हणाली. "चुलीपाशी. बाळ्यानेच केलेली."

"आत्या, त्या फुंकणीनेच तर हे सगळं केलंय. ही दुसरी फुंकणी आहे. पहिलीने किती नेलं, ते ही सांगते."

आत्याला शर्यत म्हटलं की वय राहत नसे. तिने नळी ओढून घेतली, गाल फुगवले आणि अशी फुंकली की काटा पार टोकाला जाऊन आपटला. ती राहायची गावाबाहेरच्या माळावर, मोकळ्या हवेत, शेळ्यांच्या मागे. थोरल्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या, फुंकलं, आणि तो आत्याच्या बराच मागे राहिला.

"जिना बांधायला बरा जोर होता तुझ्यात," आत्या म्हणाली.

"नळीच खराब आहे."

"हो ना. माझ्या वेळी चांगली होती."

थोरल्याची बायको वरच्या खोलीतून खाली आली, तिनेही फुंकलं, तिचंही बरं निघालं. धाकट्याने फुंकताना हसू आल्यामुळे दोनदा फुंकलं. पेटीवाल्यांचा काटा मध्येच अडकला. ते म्हणाले, पत्र्याला कथलाचा डाग देताना मी एवढीच फुंकर मारतो. घरात वर्षभरात एवढं हसणं झालं नव्हतं.

मग धाकटीने फुंकलं. तिचे गाल लाल झाले, डोळ्यात पाणी आलं, काटा जरासा हलला आणि तिथेच बसला.

हसणं बंद झालं.

"परत फुंक," धाकटा म्हणाला.

"ती परत फुंकणार नाही," ताई म्हणाली. "कळलं ना सगळ्यांना? आईला खोकला लागला तेव्हा आपण काय म्हणत होतो? हवा बदलली, थंड पाणी प्यायली, धूळ गेली असेल. शेवटी डॉक्टरांनी आईला विचारलं, दिवसाला किती विड्या ओढता?"

"आणि आई म्हणाली," थोरला हळूच म्हणाला, "मोजल्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ सगळ्या घराच्या मीच ओढते."

तेव्हाही सगळे हसले होते. डॉक्टर सोडून.

"तर आता ऐका," ताई म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत या घरातला धूर बाहेर जायचा रस्ता झाला, तर ही राहील. नाही झाला तर भावाबरोबर जाईल, आणि छाती नीट होईपर्यंत येणार नाही. आणि तू," ती धाकट्याला म्हणाली, "तू तिच्या मागे जायचं की इथे डबे ठोकत बसायचं, ते तुझं तू बघ."

धाकट्याने बापाकडे बघितलं. बाप पेटीकडे बघत होता. एक माणूस या घरातून गेलं होतं. आता दोन जायला निघाली होती, आणि तीही त्यांच्याच पेटीत कपडे भरून.

"गॅसची टाकी आहे ना?" आत्याने विचारलं.

सगळ्यांनी कोपऱ्यात बघितलं. टाकी तिथे होती. तिला थोरलीने विणलेला झालरीचा फ्रॉक होता आणि डोक्यावर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ. एकदा भरून आणली की पुढची केव्हा परवडेल याचा भरवसा नसायचा, म्हणून टाकी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. पाहुणा उंबऱ्यात दिसला की तिचा फ्रॉक उतरायचा, चहा व्हायचा आणि पाहुण्याची पाठ वळली की पुन्हा फ्रॉक.

"म्हणजे मी पाहुणी नाही," आत्या म्हणाली. "सकाळचा माझा चहा चुलीवरचा होता. मला धुराचा वास आला."

"तुम्ही घरच्याच की, आत्या," थोरली गोड आवाजात म्हणाली.

"आता घरची. जिन्याच्या वेळी परकी होते."

ताईने कपाळाला हात लावला. "टाकी महिना काढणार नाही. ते मलाही कळतं. धुराडं करा. चुलीपासून वर छतापर्यंत पत्र्याची नळी. पत्र्याची कामं करणारं घर आहे आपलं, आणि गल्लीत सगळ्यात काळं स्वयंपाकघर आपलंच."

"त्या बिनधुराच्या शेगड्या वाटल्या होत्या ना मागे?" आत्याने विचारलं. "गाडी घेऊन आले होते, फोटो काढले होते."

सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागले. शेगड्या आल्या होत्या, प्रत्येक घराला एक. पण तोंड एवढंसं की खोक्याची फळी जायची नाही, आणि लाकूड बारीक फोडायला कुणाला वेळ होता? शिंप्याने आपल्या शेगडीत कोंबडी बसवली. बाकीच्यांनी एकेक करून शेगड्या पेटीवाल्यांकडे आणून टाकल्या, कारण पत्रा उत्तम होता. पुढे शेगड्या वाटणाऱ्या संस्थेची बाई वापर किती होतो ते विचारायला आली. गल्लीने एका सुरात सांगितलं, रोज होतो. ते खोटंही नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या पेट्यांचे कोपरे त्याच पत्र्याचे होते.

"ते जाऊ दे," पेटीवाले म्हणाले. "धुराडं करू."

धूर बाहेर काढायचा याला सगळ्यांचा होकार होता. कुठून काढायचा, इथे भांडण लागलं.

मागच्या भिंतीतून काढावा तर समोर शिंपी. तो शाळांचे पांढरे सदरे शिवायचा. नुसतं मोजमाप घ्यायला धाकटा खिडकीशी गेला तर पलीकडून आवाज आला, "पेटीवाले, कापड पांढरं आहे हो माझं! विचार करा!" दुकानातून काढावा तर पेट्यांना धुराचा वास लागेल आणि गिऱ्हाईक पळेल. राहिला वरचा रस्ता. स्वयंपाकघराच्या बरोबर वर थोरल्याची खोली होती, त्याच्या वर पत्र्याचं छत.

"बाबा, माझं काही म्हणणं नाही," थोरली म्हणाली. तिचं काही म्हणणं नसलं की घरातले सावध व्हायचे. "धुराडं माझ्या उशातून गेलं तर मी झोपायचं कुठे, एवढंच विचारते."

"पायाकडे," धाकटा म्हणाला.

"तू गप रे," थोरला म्हणाला. "बाबा, आरशाचं कपाट आहे तिथे. ते हलत नाही."

"जिन्यातून वर गेलं ना? मग हलतं," आत्या म्हणाली, आणि लगेच थोरलीकडे वळली. "पण हिचं बरोबर आहे. बाईमाणसाच्या उशाशी नळी कसली? मी हिच्या बाजूने आहे."

"आत्या, सकाळी तुम्ही माझ्या बाजूने होतात," धाकटा म्हणाला.

"सकाळी हिने मला दुसरा चहा दिला नव्हता."

आवाज चढले. थोरल्याने वरची खोली आपल्या घामाची असल्याचं सांगितलं. धाकट्याने खालच्या चुलीवरच वरच्यांचं जेवण होतं हे सांगितलं. ताई म्हणाली, तुम्ही दोघांनी फुंकणीत एवढं फुंकलं असतं तर बरं झालं असतं.  भांडणात दोन्ही बाजूंना समजवायचं काम पेटीवाल्यांच्या बायकोचं असायचं. ती एकाला भाजी निवडायला बसवायची, दुसऱ्याला पाणी भरायला पाठवायची, आणि भांडण आपोआप विस्कटायचं. त्यांना ते जमत नसे. त्यांना फक्त पत्रा जमायचा.

तेव्हा धाकटी आतून आली. हात पुसत दाराशी गेली आणि आपल्या पेटीवर बसली.

"माझ्यावरून कुणी भांडू नका," ती म्हणाली. "मी जाते. सकाळी पाणी यायच्या आधी चूल पेटवायची असते, एवढं लक्षात ठेवा. फळ्या ओल्या असतील तर जरा जास्त फुंकावं लागतं. फक्त उद्यापासून चुलीपुढे कोण बसणार, तेवढं ठरवून ठेवा. भात शिकवून जाईन म्हणते."

 मग एकेकाची मान थोरलीकडे वळली.

थोरलीने पटकन स्वतःच्या हातांकडे बघितलं. तिचा चेहरा आभाळ भरून यावं तसा बदलला. मग ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, बघत काय उभे राहिलात? कपाट हलवा."

"अगं, आत्ताच तर तू…"

"मी काय म्हणाले? मी विचारलं फक्त. तसंही माझ्या खोलीत ओले कपडे वाळत नाहीत. गरम नळी असली तर बरंच आहे."

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होते," आत्या म्हणाली.

कपाट हललं. ताई म्हणाली, तुमचं होईपर्यंत मी गल्लीतली दोन इंजेक्शनं देऊन येते, आणि गेली. तिने जायला नको होतं, पण ते नंतर कळलं.

अडलं ते पत्र्यावर. दुकानात पत्र्याची चळत होती, पण ती वसतिगृहाच्या पेट्यांची. गिऱ्हाइकाने आणून टाकलेल्या मालाला पेटीवाले हात लावत नसत. आणि आपला पत्रा म्हणावा तर सगळी मिळून दोन वीत कात्रणं निघाली. संध्याकाळ जवळ येत होती.

पेटीवाले उठले, आतल्या कोपऱ्यात गेले आणि एक पेटी ओढत घेऊन आले. लाल पेटी, झाकणावर गुलाब. ही त्यांनी लग्नाआधी केली होती, हात नवा असताना. रंग उडाला होता तरी गुलाब ओळखू येत होते.

"बाबा, आईची आहे ती," थोरला म्हणाला.

"कुणाची आहे ते मला ठाऊक आहे. मीच केलीय."

त्यांनी झाकण उघडलं. वर्षभर कुणी उघडलं नव्हतं. आत तिचे चांगले कपडे घडी घालून ठेवलेले. थोरलीने एक उचलून नाकाशी नेला आणि थांबली. तिने तो जावेला दिला. धाकटीनेही वास घेतला.

"बाबा," धाकटी म्हणाली, "यांना धुराचा वासच नाही."

या घरात उशीला धुराचा वास होता, पिठाला होता, केसांना होता. या एका पेटीत तो शिरला नव्हता. धूळ, मुंगी, ओल, धूर, कशालाच पेटीवाल्यांनी तिच्या कपड्यांपर्यंत जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी उरलेले कपडे घडी न मोडता काढून धाकटीच्या हातात दिले. मग म्हणाले, "कातर आणा."

काम सुरू झालं तसे मुलगे भांडण विसरले. थोरल्याने रिबिटा काढल्या, धाकट्याने पत्रा सरळ केला, बापाने कापला, गोल वळवला, कडा एकमेकींत अडकवून दुमडल्या आणि लाकडी हातोड्याने ठोकत गेला. नळीला नळी जोडली. लहानपणी दोघं असेच त्यांच्या दोन बाजूंना बसायचे. खालून चुलीभोवती मातीचं कोंडाळं थोरलीने स्वतः लिंपलं, नाक वर करून, पण लिंपलं.

शेवटी राहिलं गुलाबांचं झाकण. पेटीवाल्यांना ते टाकवेना. त्यांनी ते गोल कापलं, गुलाब बरोबर मधे ठेवले, कड दुमडली, आणि धुराड्याच्या वरच्या तोंडावर असं बसवलं की सांधा दिसेना. मग नळी उलटी धरून त्यात बादलीभर पाणी ओतलं. या घरात मालाची परीक्षा हीच. सगळे खाली वाकून बघत राहिले.

"थेंब नाही गळत," थोरला म्हणाला.

"श्वाससुद्धा जायचा नाही," धाकटा म्हणाला.

"बाळ्या, हात आहे हो तुझा," आत्या म्हणाली, आणि पेटीवाल्यांचा चेहरा खुलला.

ते स्वतः छतावर चढले, धुराडं बसवलं, सांध्याला डाग दिला. उन्हात गुलाब चमकत होते. खाली येऊन त्यांनी धाकटीला बाजूला बसवलं आणि म्हणाले, "थोरली, पेटव."

थोरलीने पेटवली. फळ्या चरचरल्या. धूर कोंडाळ्यातून वर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तोच धूर, वर जाऊन सगळीकडे चौकशी करून आल्यासारखा, चुलीच्या तोंडातून भसकन बाहेर आला. त्याच्या मागून आणखी आला. थोरली किंचाळली. धाकटा फुंकणी घेऊन धावला आणि त्याने फुंकलं, त्यामुळे उरलेला आला. दुकानात आला, जिन्यात गेला, शिंप्याच्या खिडकीत गेला. "पेटीवाले! कापड!"

बरोबर त्याच वेळी दाराशी टेम्पो थांबला. धाकटीच्या भावाने दारातून येणारा धूर बघितला, "आग! आग!" म्हणून ओरडला आणि आत घुसला. त्याने आधी पेटी बाहेर काढली, मग बहीण. पेटी दाराशीच होती म्हणून, असं त्याने नंतर सांगितलं.

सगळं घर रस्त्यावर आलं. थोरलीच्या भुवया दिसत नव्हत्या. आत्या फ्रॉकसकट टाकी ओढत बाहेर आली, कारण तिच्या मते आगीतून वाचवण्यासारखी घरात तेवढीच वस्तू होती.

"फळ्या ओल्या होत्या," थोरला म्हणाला.

"माती ओली होती," धाकटा म्हणाला.

"माझ्या मातीला नाव ठेवायचं नाही," थोरली म्हणाली.

धाकटी आपल्या पेटीवर बसून खोकत होती. दोन कोरडे ठसके, मग तो लांबलचक. भावाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पेटीवाल्यांकडे बघितलं. "झालं तेवढं खूप झालं, काका. रागवू नका. मी हिला नेतो." त्याने तिला उठवलं आणि पेटी उचलून टेम्पोत ठेवली. पत्र्यावर पत्रा वाजला. पेटीवाल्यांनी पुढे होऊन पेटीची कडी तेवढी नीट बसवली. असंच एकदा दवाखान्याच्या गाडीत बायकोला ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी गाडीचं दार तेवढं लावलं होतं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून ताई धावत आली. आधी धाकटीला बघितलं, मग घराला, मग मान वर करून छताला. तिथे धुराडं ताठ उभं होतं, डोक्यावर गुलाब, आणि धुराचा मागमूस नाही.

"बाबा," तिने विचारलं, "वर झाकण कुणी लावलं?"

"मी," पेटीवाले म्हणाले. कामाबद्दल विचारलं की त्यांची छाती अजूनही जरा फुगायची.

"का?"

"का म्हणजे? पाऊस आत येईल."

"हो. आणि धूर बाहेर कुठून जाईल?"

 थोरल्याने छताकडे बघितलं. धाकट्याने थोरल्याकडे बघितलं. पत्र्याची कामं करणारे तिघं, त्यांत एक आयुष्यभराचा, आणि तिघांनी मिळून त्या नळीत पाणी ओतून बघितलं होतं.

पहिली हसली ती धाकटी. टेम्पोत एक पाय असतानाच हसली, खोकली आणि पुन्हा हसली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही धुराचीसुद्धा पेटी केलीत!"

मग कुणालाच आवरेना. शिंपी खिडकीतून हसला. आत्या खुर्ची नसल्यामुळे टाकीवर बसून हसली. फक्त पेटीवाले हसले नाहीत. ते वर, गुलाबांकडे बघत होते. त्यांना पातेलं दिसत होतं, त्यावरचं तिरकं झाकण आणि खाली आडवी पळी.

"थोडा वेळ थांब," ते धाकटीच्या भावाला म्हणाले. "चहा घे. टाकी बाहेरच आहे." आणि कातर घेऊन शिडीकडे गेले.

थोरल्याने शिडी धरली. वर गेल्यावर पेटीवाल्यांनी झाकणाच्या सांध्यात कातरीचं टोक घातलं. आपला सांधा उचकटायची त्यांना सवय नव्हती. हात दोनदा सटकला. तिसऱ्यांदा कड सुटली. वसतिगृहाच्या पत्र्याला आताही हात लावायचा नव्हता, म्हणून त्यांनी कात्रणांतून तीन पट्ट्या काढल्या, त्यांचे पाय केले आणि झाकण धुराड्याच्या तोंडावर चार बोटं उचलून बसवलं. पाऊस आला तर गुलाबांवर पडेल. धूर आला तर खालून निघून जाईल.

"पेटवा," त्यांनी खाली हाक दिली.

धूर आला. गुलाबांच्या खालून, सगळ्या बाजूंनी, आणि वाऱ्याबरोबर सरळ त्यांच्या तोंडावर. डोळे झोंबले, घशात कडू उतरलं. ते बाजूला झाले नाहीत. एवढा धूर एका चुलीचा असतो, हे त्यांनी एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. ते दुकानात बसायचे, पुढच्या खोलीत.

"बाबा, बाजूला व्हा ना!" ताई खालून ओरडली. "तुम्हालाही फुंकायला लावू का?"

"बाळ्या, पडशील!" आत्या ओरडली.

ते खाली उतरले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराने, असं सगळे धरून चालले.

स्वयंपाकघरात भिंतींचा काळा रंग पहिल्यांदाच नीट दिसत होता, कारण मधे काही नव्हतं. टेम्पोवाल्या भावाने आत डोकावून दोनदा श्वास घेऊन बघितला आणि बहिणीकडे पाहिलं.

"ती राहील," ताई म्हणाली. "पण एकच वेळची चूल. संध्याकाळची वहिनी पेटवेल."

"मी?" थोरली म्हणाली. "माझ्या भुवया गेल्यात आज!"

"मग दादा पेटवेल."

"मी कसा?"

"फुंकायला बरा आहे की तो," आत्या म्हणाली. "माझ्या खालोखाल."

"आणि आठवड्याने मी फुंकणी घेऊन येईन," ताई म्हणाली. "काटा पुढे सरकला नाही तर पेटीसकट नेईन."

वाद सुरू झाला, तसा भाऊ निमूटपणे टेम्पोकडे गेला आणि निळी पेटी उतरवून आत घेऊन आला. ती त्याने दाराशी न ठेवता पार आत, लाल पेटीच्या मोकळ्या जागी ठेवली. वाद चालूच राहिला. भावाला जेवायला थांबवायचं ठरलं. त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

पेटीवाले पाणी प्यायला आत गेले. चुलीवर भात रटरटत होता. थोरलीने ठेवलेला. तिने झाकण घट्ट लावलं होतं. पेटीवाल्यांचा हात सवयीने झाकणाकडे गेला, आणि तिथेच थांबला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पळी सापडली, झाकण उचललं आणि ती आडवी घातली. वाफ तिरकी होऊन धुराड्याकडे गेली.

"बाबा," दारातून धाकटी म्हणाली, "पळी द्या. भात ढवळायचाय."

"दुसरी घे," पेटीवाले म्हणाले. "ही इथली आहे."